राजीनाम्यावर सही करण्याआधी केसपेपर पाहा

प्रश्न : मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका खासगी पशुवैद्यकीय दवाखान्यात साडेचार वर्षं मदतनीस आहे. कुत्र्या-मांजरांना धरणं, अंघोळ घालणं, ड्रेसिंग, पिंजरे आणि टेबल जंतुनाशकानं पुसणं ही माझी कामं. दीड वर्षापासून दोन्ही हातांना भेगा आणि पाणी भरलेले फोड आहेत. भाकरी थापताना पिठाला रक्त लागतं. त्यात आता मांजराच्या आजारी पिल्लांमुळे मनगटावर आणि मानेवर गजकर्ण उठलंय. त्वचारोगतज्ज्ञांनी महिनाभर काम बंद सांगितलं. सर म्हणतात, हा घरच्या भांड्यांच्या साबणाचा त्रास आहे. बिनपगारी रजा घे, नाहीतर ‘वैयक्तिक कारणास्तव’ राजीनामा दे. पगार १६,५०० रुपये. पगारपत्रकात दरमहा १२४ रुपये ‘ईएसआयसी’ म्हणून कापलेले दिसतात, पण ते कारखान्यातल्या लोकांसाठीच असतं ना?

उत्तर : ताई, ती १२४ रुपयांची ओळ तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. नाही, ईएसआयसी म्हणजे राज्य कामगार विमा, आणि तो फक्त कारखान्यातल्या लोकांसाठी नसतो. ज्या अर्थी तुमच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातोय, त्या अर्थी तुम्ही विमाधारक कामगार आहात. उमंग या सरकारी ॲपवर तुमचा विमा क्रमांक टाकून पैसे खरंच भरले जातायत का, ते आजच बघा. कापून घेतले आणि भरले नाहीत, तर तो मालकाचा फौजदारी गुन्हा होतो. त्यामुळे तुमचा हक्क बुडत नाही.

आता मूळ मुद्दा. कामामुळे होणाऱ्या आजारांची एक यादीच कायद्यात आहे. राज्य कामगार विमा कायदा, १९४८ च्या तिसऱ्या परिशिष्टात, ‘अ’ भागात पहिलीच नोंद संसर्गजन्य आणि परजीवी आजारांची आहे आणि तिथे पशुवैद्यकीय काम स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. तुमचं गजकर्ण तिथे बसतं. नोकरीला किती दिवस झाले, हा प्रश्नच तिथे येत नाही. हाताच्या भेगा आणि फोड ‘ब’ भागात येतात : भौतिक, रासायनिक किंवा जैविक कारणांनी होणारे त्वचारोग. त्यासाठी सलग सहा महिने ते काम केलेलं असावं लागतं. तुमची साडेचार वर्षं झालीत.

अशा वेळी कलम ५२-अ म्हणतं, की उलट सिद्ध होत नाही तोवर हा आजार म्हणजे कामावर झालेली इजाच मानायची. म्हणजे भांड्यांच्या साबणाची गोष्ट समोरच्यानं सिद्ध करायची आहे. घरची भांडी तर या नोकरीच्या आधीही तुम्हीच घासत असणार.

तरीही पुरावा आपल्या हाताशी हवा, आणि माझ्याकडे येणारी अशी प्रकरणं इथेच अडकतात. केसपेपरवर नुसतं ‘दोन्ही हातांना ॲलर्जी, खाज’ एवढंच लिहिलेलं असतं. काम कुठेच नाही. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना हात जोडून सांगा, की माझं काम काय, दिवसातून किती वेळा हात धुते, हातमोजे कसले, कोणतं जंतुनाशक, हे सगळं लिहा. बाटल्यांच्या लेबलांचे फोटो न्या. सुट्टीत हात बरे होतात आणि कामावर परतलं की चारेक दिवसांत पुन्हा फुटतात, असं होत असेल तर तारखांसह लिहून घ्या. पॅच टेस्ट, म्हणजे ॲलर्जी नेमकी कशाची ते शोधणारी चाचणी, करून मागा. पाठीवर पट्ट्या लावून दोन दिवसांनी आणि पुन्हा चार दिवसांच्या सुमारास बघतात. कित्येकदा दोष रबरी हातमोज्यांतल्या थायुरामसारख्या रसायनाचा निघतो, म्हणजे हात वाचवायला घातलेला मोजाच हात खात असतो. गजकर्णाची त्वचा किंचित खरवडून करतात ती तपासणीही करून घ्या. आणि कळकळीनं सांगते, मेडिकलमधून परस्पर स्टेरॉइडचं मलम आणून लावू नका. गजकर्ण दबल्यासारखं दिसतं, आतून पसरतं आणि तपासणीतही नीट सापडत नाही.

खासगी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तुमच्या ईएसआय दवाखान्यात जा आणि रजेचा दाखला तिथूनच घ्या. तो ‘आजारपण’ म्हणून मिळाला तर मजुरीच्या ७० टक्के आणि वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. ‘कामामुळे झालेली इजा’ म्हणून मिळाला तर ९० टक्के, आणि दाखला चालू आहे तोवर. तुमच्या पगारावर हा फरक महिन्याला साधारण ३,३०० रुपयांचा आहे. आजार व्यावसायिक आहे का आणि कायमचं काही नुकसान झालंय का, हे विशेष वैद्यकीय मंडळ ठरवतं. तिकडे पाठवा, असा लेखी अर्ज द्या. लाभाचा दावा १२ महिन्यांच्या आत करायचा असतो, रेंगाळू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आहे. व्यावसायिक आजारांची यादी तिच्याही तिसऱ्या परिशिष्टात आहे. तुमचा त्रास त्याआधीचा, म्हणून अर्जात दोन्ही कायद्यांचा उल्लेख करा.

राजीनामा देऊ नका. लाभ घेत असताना किंवा अशा दाखल्यावर रजेवर असताना मालकाला तुम्हाला काढता येत नाही, १९४८ च्या कायद्याचं कलम ७३ तेच सांगतं. पण ते संरक्षण काढून टाकण्याविरुद्ध आहे. स्वतःच्या सहीनं ‘वैयक्तिक कारणास्तव’ बाहेर पडलात, तर दार तुम्हीच लावून घेतलंत असं होईल, आणि उद्या तोच कागद ‘आजाराचा कामाशी संबंध नव्हता’ म्हणून समोर येईल. (वेगळा नुकसानभरपाईचा दावा लावा, असं कुणी सुचवेल. विमाधारकाला त्याच इजेसाठी तो मिळत नाही, कलम ५३ आड येतं. त्यात पैसे घालवू नका.)

सरांना आजच चार ओळी लिहून द्या : ‘मला दवाखान्यातील कामामुळे दोन्ही हातांना त्वचारोग व जनावरांपासून गजकर्ण झाले आहे. डॉक्टरांनी अमुक तारखेपासून काम बंद सांगितले आहे. मी राजीनामा देत नाही. कृपया राज्य कामगार विमा कार्यालयाला अहवाल पाठवावा.’ पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती केसपेपरला टाचून ठेवा.