डिग्री झाली आणि उपनिषदं वाचायचीत? इथून सुरू कर

अरे वा, आधी अभिनंदन! पण सुरुवात म्हणून गीतेचे 700 श्लोक एका दमात संपवायला जाऊ नकोस, मी तेच केलं होतं, म्हापसा-पणजी बसमध्ये रोज एक अध्याय, आणि महिन्याने डोक्यात शून्य.

तू तैत्तिरीय उपनिषदातल्या शीक्षावल्लीचा (म्हणजे पहिल्या भागाचा) अकरावा अनुवाक, म्हणजे छोटा उतारा, घे. वेद शिकवून झाल्यावर आचार्य शिष्याला जे सांगतात ते आहे, म्हणजे तुझीच केस, आणि छोटंसं आहे. त्यातलं आत्ता एवढंच धर:

- सत्यं वद, धर्मं चर. सोपं वाटतं, पहिल्या इंटरव्ह्यूत कळेल.
- स्वाध्यायान्मा प्रमदः. परीक्षा संपली तरी स्वतःचा अभ्यास सोडू नकोस.
- आणि माझं सगळ्यात आवडतं, गुरू स्वतःच म्हणतात की आमचं जे चांगलं वागणं असेल तेवढंच उचल, बाकीचं नको. कुठला सीनियर असं बोलतो सांग बघू! नोकरीत बॉस कसाही भेटो, हे लक्षात ठेव.

नवीन लोकांची नेहमीची चूक म्हणजे गीतेतलं 'कर्मण्येवाधिकारस्ते' अर्धंच पाठ करून स्टेटसला टाकायचं. त्या श्लोकाचा (2.47) शेवट 'मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि' असा आहे, म्हणजे काहीच न करण्याचीही ओढ नको. सरकारी नोकरीची जाहिरात निघेपर्यंत घरी पडून राहणाऱ्या आपल्या पोरांनी हा भाग वाचायलाच हवा (मीही दोन वर्षं तसाच होतो).

शांकरभाष्य (शंकराचार्यांनी लिहिलेलं स्पष्टीकरण) वगैरे आत्ता उघडूच नको, वर्षभराने बघू. कुठे अडलं तर बिनधास्त विचार.