वाचकांचे प्रश्न : नदी सर्वांची, मग खाणींचा वाटा कोणता?

प्रश्न : एकाच नदीवर शेती, शहरे आणि खाणी अवलंबून असतात, अशा खोऱ्यांत पाणी-व्यवस्थापनाच्या समित्यांवर खाण कंपन्यांनाही प्रतिनिधित्व दिले जाते, असे वाचनात आले. ज्यांच्यामुळे पाणी बिघडते त्यांनाच राखणदारीत सामील करणे म्हणजे कुंपणानेच शेत खाण्याला वाव देणे नव्हे काय?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. तरीही कंपन्यांना समितीबाहेर ठेवल्याने ती मिटत नाही, कारण खाण हा पाण्याचा मोठा विचित्र ग्राहक आहे. धूळ बसवण्यासाठी आणि खनिज धुण्यासाठी तिला पाणी लागते, म्हणजे कोरड्या महिन्यांत ती शेतकऱ्याची स्पर्धक असते. पण खोदकाम भूजलपातळीच्या खाली गेले की तिलाच पाणी उपसून बाहेर सोडावे लागते आणि पावसाळ्यात हे नको असलेले पाणी ठेवायचे कोठे, ही तिची अडचण होते. हा उपसा किती, केव्हा आणि कोणत्या प्रतीचा, याची तपशीलवार माहिती बहुधा कंपनीजवळच असते. तिने ती समितीसमोर मांडणे बंधनकारक असावे. मर्यादा ठरवण्याचा अधिकार मात्र तिच्याकडे नसावा.

ही विभागणी कशी करता येते, याचे चांगले उदाहरण ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात, हंटर नदीच्या खोऱ्यात सापडते. तेथे कोळशाच्या थरांतून निघणारे भूजल मुळातच खारे आहे आणि खाली त्याच नदीवर द्राक्षमळे व कुरणे पोसली जातात. पूर्वी प्रत्येक खाणीला स्वतंत्र परवाना असे आणि खारटपणाबद्दल शेतकरी व उद्योग यांच्यात वाद चाले. 1995 मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू होऊन 2002 मध्ये कायदेशीर नियमावलीत आलेल्या योजनेने वेगळा मार्ग काढला. नदी आटलेली असताना खारे पाणी मुळीच सोडायचे नाही, प्रवाह वाढला की ठरलेल्या प्रमाणात सोडायचे आणि पूर आल्यावर, क्षारतेची मर्यादा पाळून, अधिक सोडता येते. हंटरकाठच्या सिंगलटन गावाजवळ पाण्याची विद्युतवाहकता (म्हणजे त्यातील क्षारांचे मोजमाप) 900 एककांच्या वर जाऊ नये, हे उद्दिष्ट आहे. एकूण 1,000 हक्कपत्रे असून प्रत्येक हक्कपत्रामागे त्या वेळी सोडता येणाऱ्या क्षाराचा एक सहस्रांश वाटा मिळतो. खाणी आणि वीजकेंद्रे आपसांत ही हक्कपत्रे विकू शकतात. दर दोन वर्षांनी 200 हक्कपत्रांची मुदत संपते आणि तेवढ्याच नव्या हक्कपत्रांचा लिलाव होतो.

या व्यवस्थेत उद्योग खर्च उचलतो, पाणी साठवून ठेवण्याची तजवीज करतो, विसर्गाची वेळ पाळतो. पण नदीतील मोजमाप आणि शिक्षेचा अधिकार शासकीय यंत्रणेकडेच राहतो. माझ्या मते योजनेचे यश हक्कपत्रांच्या बाजारापेक्षा नदीत सतत चालणाऱ्या मोजणी केंद्रांवर अधिक उभे आहे. अर्थात तिची व्याप्ती मर्यादित आहे हे विसरता कामा नये: ती केवळ क्षारांपुरती आहे, धातूंचा अंश किंवा भूजलाची घसरण तिच्या कक्षेत येत नाही.

दक्षिण आफ्रिकेतील ओलिफांट्स नदीचे प्रकरण अधिक अवघड आहे. कोळसा-पट्ट्यात उगम पावणारी ही नदी क्रूगर राष्ट्रीय उद्यानातून मोझांबिकमध्ये जाते, म्हणजे वरच्या खाणीच्या पाण्याचा संबंध परदेशातील शेतापर्यंत पोहोचतो. दक्षिण आफ्रिकेच्या 1998 च्या जल कायद्याने माणसांच्या मूलभूत गरजा आणि नदीचे स्वतःचे आरोग्य यांसाठीचे पाणी आधी राखून ठेवले आहे. उद्योगाची मागणी त्यानंतर विचारात घेतली जाते. हा क्रम कायद्यात लिहिलेला असल्यामुळे समितीत कोणाचा आवाज मोठा आहे, याला निदान कागदावर तरी मर्यादा पडते. याच खोऱ्यातील ई-मलाहलेनी शहरात खाण कंपन्यांनी उभारलेल्या प्रकल्पातून 2007 पासून खाणीतील दूषित पाणी पिण्यायोग्य करून नगरपालिकेला दिले जाते. हे काम उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु शहराला पाणी दिले म्हणून विसर्गाच्या अटी सैल करण्याची मागणी आल्यास ती मान्य होऊ नये.

प्रश्न : खाण बंद झाल्यावर पाण्याची जबाबदारी कोणाची?

उत्तर : बहुतेक समित्या या मुद्द्याकडे फार उशिरा वळतात. उपसा थांबला की जुने बोगदे भरू लागतात, गंधकयुक्त लोहखनिजाचा हवा-पाण्याशी संयोग होऊन आम्ल तयार होते आणि ते दशकानुदशके झिरपत राहते. 2002 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर्सडॉर्पजवळील जुन्या सोन्याच्या खाणींतून असे पाणी वर आले, तेव्हा अनेक मूळ मालक अस्तित्वातच नव्हते आणि पुढे शासनाला स्वतः पंप व शुद्धीकरणाची सोय करावी लागली. म्हणून खाण चालू असतानाच सुरक्षा-अनामत घ्यावी लागते, आणि तिच्या हिशेबात केवळ खड्डे बुजवण्याचा नव्हे तर पुढील अनेक वर्षांच्या जलशुद्धीकरणाचाही खर्च धरलेला आहे की नाही, हे परवाना देण्यापूर्वीच समितीने कंपनीकडून लेखी मागवावे.