पहिला काढा करताय? गवती चहा शेवटी घाला

पहिल्यांदाच करताय ना, मग घरातले सगळे मसाले एकदम घालू नका. दोन कप पाण्यात पेरभर आलं ठेचून, चार मिरी आणि दालचिनीचा छोटा तुकडा टाका. मंद आचेवर दीड कप होईपर्यंत उकळा. गवती चहाची पाती मात्र गॅस बंद करताना, गाठ मारून टाका आणि लगेच झाकण ठेवा, पाच मिनिटं. त्याचा वास तेलात असतो, उकळत ठेवलं की वाफेबरोबर उडून जातो. झाकणाखालचे थेंबही पातेल्यातच पडू द्या, फार सुगंधी असतात ते!

घशाला बरं वाटतं, आल्यानं मळमळ कमी होते. सर्दी मात्र तिच्या वेळेनंच जाते. ज्येष्ठमध रोज नको, रक्तदाब वाढतो. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेला काढा अजिबात देऊ नका.