नाक मामावर गेलंय, शूटिंग कुणावर?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा होता: ड्यूक कॉलेजातून आलेल्या आणि २०२५ मध्ये डॅलसने पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या बास्केटबॉलपटू कूपर फ्लॅगला एक जण स्कॉटी पिपेन म्हणतो, दुसरा जेसन टेटम, तिसरा आंद्रेई किरिलेंको. हे तिघे तर एकमेकांसारखे खेळत नाहीत. मग एनबीए ड्राफ्टच्या (अमेरिकी लीगचे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्याच्या) आधी ‘हा म्हणजे पुढचा तो’ अशी जी लाट येते, तिला काही अर्थ असतो का?

निम्मी बडबडच असते, हे आधीच कबूल करतो. बारशाला पाळण्याभोवती जमून आत्या म्हणते नाक आमच्या घराण्याचं, मामी म्हणते कपाळ थेट आजोबांचं, आणि पोराला अजून मानसुद्धा धरता येत नसते. ड्राफ्टमध्येही उंची, रंग, देश, कॉलेज एवढ्यावर नातं जोडून लोक मोकळे होतात. उरलेली निम्मी मात्र कामाची असते. ती वेगळी काढायला मी एकच विचारतो: ‘त्याच्यासारखा’ म्हणजे नेमकं काय करतो त्याच्यासारखं? उत्तरात क्रियापद आलं तर पुढे ऐकायचं. नुसतं ‘सात फुटी आहे, हात लांब आहेत’ एवढंच आलं तर चहा टाकायला उठायचं.

२००९ चा ड्राफ्ट घ्या. दुसऱ्या क्रमांकावर मेम्फिसने हशीम थबीतला उचललं. टांझानियाचा, ७ फूट ३ इंच, कॉलेजात समोरच्याचे शॉट माशा मारल्यासारखे उडवायचा. उपमा कुणाची मिळणार? ब्लॉकसाठी, म्हणजे समोरच्याचा शॉट हवेतच अडवण्यासाठी, गाजलेल्या डिकेंबे मुटोंबोची. आफ्रिका, उंची, ब्लॉक, सगळं जुळलं. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत थबीतच्या कनेक्टिकटची गाठ पिट्सबर्गशी पडली होती. समोर डीजुआन ब्लेअर, जेमतेम ६ फूट ७ इंच. त्या सामन्यात ब्लेअरने २२ गुण आणि २३ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर मिळवलेले चेंडू) काढले. एका झटापटीत हात अडकले आणि त्याने थबीतला खांद्यावरून अक्षरशः पलटी मारून खाली आपटलं. मुटोंबोला असं कुणी उचलून टाकल्याचं आठवतंय? मुटोंबोचं ब्लॉक करणं सगळ्यांना दिसायचं, कारण त्यानंतर तो बोट हलवायचा. त्याच्याआधीचं काम कुणाच्या लक्षात यायचं नाही: कंबर खाली घालून जागा अडवणं, धक्का खाऊनही न हलणं. थबीतकडे नेमकं तेच नव्हतं. पहिल्याच हंगामात त्याला खालच्या लीगमध्ये पाठवावं लागलं. त्याच्या मागोमाग तिसऱ्या क्रमांकावर जेम्स हार्डन गेला आणि सातव्यावर स्टीफन करी, दोघेही पुढे लीगचे बडे तारे. (ब्लेअर गेला ३७ व्या क्रमांकावर. त्याच्या दोन्ही गुडघ्यांत एसीएल हा स्नायूबंधच उरला नव्हता आणि तरी तो खेळला, पण ती कथा पुन्हा कधीतरी.)

करीचं नाव निघालंच आहे, तर आपल्या मुंबईशी धागा असलेलं उदाहरण सांगतो. सॅक्रामेंटो किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. किंग्ज घेण्याआधी गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये त्यांची भागीदारी होती, म्हणजे करी त्यांनी जवळून पाहिलेला. फेब्रुवारी २०१७ मध्ये किंग्जने आपला सगळ्यात मोठा खेळाडू, डीमार्कस कझिन्स, न्यू ऑर्लिन्सला देऊन टाकला. बदल्यात जे आलं त्यात बडी हील्ड नावाचा पहिल्याच वर्षात असलेला शूटर होता. रणदिव्यांना हील्डमध्ये करी दिसतो, अशा बातम्या तेव्हा तिकडे छापून आल्या आणि लोकांनी यथेच्छ टिंगल केली.

ऑक्टोबर २०१९ मध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स वरळीच्या डोममध्ये दोन सामने खेळले. दुसऱ्या दिवशी मी तिथे होतो. सामन्याआधीच्या सरावात मी बराच वेळ फक्त हील्डकडे पाहत बसलो, शेजारचे काका वैतागले. पास यायच्या आधीच त्याचे पाय रिंगकडे वळलेले असायचे. चेंडू हाताला लागला की गेलाच, मध्ये श्वास घ्यायलाही फट नाही. ते पाहून मीही म्हटलं असतं, करीच! पण सामना सुरू झाल्यावर फरक कळतो. करीचं शूटिंग हा त्याचा अर्धाच खेळ. चेंडू दोरीने बांधल्यासारखा त्याच्या हाताला चिकटलेला, दोघे अंगावर आले की त्यांच्या मधूनच पास, आणि पास दिल्यावर उभं न राहता पुन्हा मोकळ्या जागेकडे धाव. हील्डला चेंडू आणून द्यावा लागतो. स्वतः ड्रिबल करत जागा काढायला गेला की चेंडू त्याच्या हातातून सुटतो की काय असं वाटत राहतं.

म्हणून हील्डला करीशी ताडून पाहिलं तर तो फसलेला खेळाडू. जेजे रेडिक किंवा काइल कॉर्व्हर या निव्वळ शूटर्सच्या रांगेत बसवलं तर उत्तम खेळाडू. माणूस तोच, मोजपट्टी बदलली. गंमत म्हणजे २०२४ मध्ये हा ‘पुढचा करी’ खऱ्या करीच्या संघात गेला. मे २०२५ मध्ये ह्यूस्टनविरुद्धच्या मालिकेच्या निर्णायक सातव्या सामन्यात त्याने नऊ थ्री (लांबून मारायचे तीन गुणांचे शॉट) मारत ३३ गुण केले. शेजारी करी होता म्हणून त्याला आपलं काम करता आलं.

बरोबर बसलेली उपमा कशी असते, तेही सांगतो. २०२३ मध्ये डॅलसने डेरेक लाइव्हली हा ड्यूकचा सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) बाराव्या क्रमांकावर मिळवला. उपमा होती टायसन चँडलरची, म्हणजे २०११ मध्ये डॅलसने विजेतेपद जिंकलं तेव्हाच्या सेंटरची. उंची सारखी, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे काम सारखं: चेंडू खेळवणाऱ्या गार्डसाठी स्क्रीन लावायची (अंगाने आडोसा करायचा), वळून रिंगकडे धावायचं, वर फेकलेला चेंडू हवेतच झेलून आत टाकायचा, आणि परत मागे येऊन रिंग राखायची. चारही क्रियापदं. शिवाय पास द्यायला डॅलसचा तेव्हाचा स्टार लुका डॉन्चिच होताच. खुद्द चँडलर त्याला शिकवायला आला आणि लाइव्हली पहिल्याच वर्षी फायनल खेळला. साच्याची उपमा खरी चालते ती अशा मर्यादित कामाच्या खेळाडूंना. थ्री-अँड-डी विंग (कडेने खेळणारा), म्हणजे समोरच्या सगळ्यात धोकादायक खेळाडूला धरायचं आणि आपल्या आक्रमणात कोपऱ्यात उभं राहून थ्री मारायचे, यांचंही तसंच. तिथे याच कामासाठी ओळखल्या जाणाऱ्या ‘डॅनी ग्रीनसारखा’ म्हटलं की प्रशिक्षकाला लगेच कळतं पोराला कुठे उभं करायचं.

मोठ्या ताऱ्यांकडे वर जाल तसं हे बिघडतं. आजचा बडा सेंटर निकोला जोकिच २०१४ मध्ये ४१ व्या क्रमांकावर गेला. त्याचं नाव आलं तेव्हा टीव्हीवर खाण्याच्या पदार्थाची जाहिरात चालू होती. संथ, अंगाने सैल, उडी नाही. त्याला बसवायला साचाच नव्हता, म्हणून तो खाली घसरला. आता उलटं झालंय. पास देता येणारा कुठलाही जाडजूड सेंटर दिसला की तो ‘छोटा जोकिच’. अल्परेन शेंगूनला हे नाव चिकटलं आणि पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ, पाठीवर माणूस घेऊन पास देण्याचं त्याचं कसब पाहता ते अगदीच चुकीचं नाही. २०२५ मध्ये तो ऑल-स्टारही झाला, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंत निवडला गेला. पण जोकिचला लांबून मोकळा सोडता येत नाही, कारण तो थ्री मारतो. शेंगूनला सोडतात. तेवढ्या एका गोष्टीने सगळा बचाव वेगळा उभा राहतो. २०२५ मध्ये न्यू ऑर्लिन्सने डेरिक क्वीनला तेराव्या क्रमांकावर घेण्यासाठी अटलांटाला पुढच्या वर्षीचा ड्राफ्टमधला पहिल्या फेरीच्या निवडीचा हक्क देऊन टाकला, तोही कुठलीही अट न घालता. क्वीन छान पास देतो, मलाही आवडतो. पण एवढी किंमत मोजताना त्या खोलीत कुणीतरी जोकिचचं नाव घेतलं असणार, अशी मला दाट शंका आहे.

उपमेचा जाच खेळाडूलाच होतो, हेही आहे. ब्रँडन इंग्रम किडकिडीत आणि उंच, म्हणून तो ‘पुढचा’ केव्हिन ड्युरंट. २०२० मध्ये ऑल-स्टार झाला तरी लोकांच्या तोंडी ‘ड्युरंट काही झाला नाही’. आंद्रेआ बर्न्यानी युरोपातला उंच शूटर, म्हणून जर्मनीचा डर्क नोव्हिट्झ्की. त्याने एका हंगामात सामन्यागणिक २१ हून जास्त गुण केले, पण आज त्याचं नाव निघतं ते ड्राफ्टमधल्या फसलेल्या पहिल्या क्रमांकांच्या यादीत. गोऱ्याला गोऱ्याचीच उपमा आणि युरोपियनाला युरोपियनाचीच, ही खोड तर जाता जात नाही. फ्लॅगलासुद्धा काहींनी बोस्टनचा जुना तारा लॅरी बर्ड म्हणून पाहिलं. मेनसारख्या राज्यातला, बोस्टनच्या जुन्या सामन्यांच्या डीव्हीडी पाहत वाढलेला, गोरा, ६ फूट ९ इंच. खेळात काय जुळतं विचारा, गप्प होतात.

आता तुमच्या तीन नावांकडे येतो. मला ती एकमेकांच्या विरोधात वाटत नाहीत. तिघा जणांनी तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आहेत.

किरिलेंको हे ‘शॉट पडत नसेल त्या दिवशी हा काय करेल?’ याचं उत्तर. युटाचा किरिलेंको दुसऱ्याच्या माणसावर मागून येऊन ब्लॉक करायचा, पासच्या वाटेत हात घालायचा. फ्लॅगचं ड्यूकमधलं हेच सगळ्यात पक्कं काम होतं, आणि ते वाईट दिवशीही टिकतं. पिपेन हे ‘प्रशिक्षक याला कसा वापरेल?’ याचं उत्तर. चेंडू वर आणायचा, खेळ लावून द्यायचा, आणि दुसऱ्या टोकाला समोरचा सर्वोत्तम विंग धरायचा. डॅलसमध्ये प्रशिक्षक जेसन किडने फ्लॅगला सुरुवातीला चक्क पॉइंट गार्ड (चेंडू पुढे आणून खेळ रचणारा) म्हणून उतरवलं, ते याच विचाराने असणार. टेटम हे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: शेवटच्या मिनिटात, सगळे याच्याकडेच बघत असताना, हा स्वतःचा शॉट स्वतः काढेल का? कॉलेज एक आणि बांधा सारखा म्हणून हे नाव सगळ्यात सोपं सुचतं, आणि पुरावा सगळ्यात कमी याच्याच बाजूने होता.

वेळ असेल तर ५ एप्रिल २०२५ चा ड्यूक विरुद्ध ह्यूस्टन हा कॉलेज स्पर्धेचा उपांत्य सामना काढून पाहा. ड्यूक दुसऱ्या अर्धात १४ गुणांनी पुढे होतं, शेवटी ७०–६७ ने हरलं. फ्लॅगचे २७ गुण, तीन ब्लॉक. संपूर्ण सामनाभर किरिलेंको दिसतो, मधूनमधून पिपेनही. मग शेवटच्या काही सेकंदांत, एका गुणाने मागे असताना, चेंडू त्याच्याकडे येतो. तो आत शिरतो, अंगावरच्या माणसाकडे पाठ करून वळतो आणि जवळून उडी घेऊन शॉट टाकतो. तो जात नाही. ड्राफ्टला तेव्हा तीन महिनेही उरले नव्हते, आणि फ्लॅग १८ वर्षांचा होता.