ठाण्यात राहून १/३५ मध्ये स्टालिनग्राडचा डायोरामा: पडकी इमारत खरी का वाटत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वन बीएचकेमध्ये राहता, टी-३४ या सोव्हिएत रणगाड्याचं १/३५ मापाचं (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं) किट जोडून झालंय, एक फूट बाय एक फूट पाटावर दुसऱ्या महायुद्धातल्या स्टालिनग्राडमधल्या रस्त्यावरच्या लढाईचा छोटा देखावा, म्हणजे डायोरामा, करायचा आहे, पण थर्माकोलची पडकी इमारत केक कापल्यासारखी दिसते. शिवाय घरात रंगाचा वास नको.

पडकी इमारत थेट करायला गेलं की ती तशीच दिसणार. आधी धड इमारत हवी, निदान कागदावर तरी: किती मजले, भिंत किती जाड, जिना कुठे, खोल्या कुठे. मग ठरवायचं की गोळा कुठे लागला आणि काय खाली आलं. राडारोड्यातला प्रत्येक तुकडा वरून कुठून तरी आलेला असतो. वरचे दोन मजले गायब आणि खाली मूठभर विटा, असं दिसलं की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे कळतं.

हिशोब करून बघा. ४५ सेंटीमीटर जाडीची, ३ मीटर उंच भिंत पडली, तर दर मीटर लांबीमागे साधारण १.३५ घनमीटर माल खाली येतो. तुटल्यावर मध्ये पोकळ्या राहतात, म्हणून ढीग दीडपटीच्या आसपास, म्हणजे दोन घनमीटर. अर्धा आत, अर्धा रस्त्यावर धरला तरी भिंतीच्या पायथ्याशी सव्वा मीटर उंचीचा उतार तयार होतो. १/३५ मध्ये तो साडेतीन सेंटीमीटर. तुमचा सैनिक उभा पाच सेंटीमीटरचा, म्हणजे ढीग जेमतेम त्याच्या छातीपर्यंत. आणि हा फक्त एका मजल्याचा. बहुतेक डायोरामांमध्ये याच्या चौथाईही नसतो.

आता अभ्यास कुठे करायचा? यासाठी ठाण्यासारखी सोय नाही. नौपाडा, पाचपाखाडीत रिडेव्हलपमेंटचं पाडकाम सारखं कुठे ना कुठे चालूच असतं. पत्र्याच्या फटीतून बघा (आत शिरू नका, वॉचमन ओरडतो ते योग्यच आहे). अर्धी पाडलेली इमारत उभी असते तेव्हा आतल्या भिंतींचे रंग बघा: एक खोली पोपटी, शेजारची गुलाबी, मधल्या भिंतीवर जिन्याची तिरपी खूण, न्हाणीघराच्या टाइल्सचा चौकोन, भिंतीतली फडताळं. इमारतीत माणसं राहत होती हे एवढ्यावरून कळतं. तुमच्या भिंतीची आतली बाजू अशीच रंगवा. स्टालिनग्राडमध्ये वॉलपेपर असेल, टाइल्स वेगळ्या असतील, पण प्रत्येक खोलीचा रंग वेगळा हे सगळीकडे खरं.

फक्त दोन बाबतींत नौपाड्याची नक्कल करू नका. एक, आपल्याकडे पाडण्याआधी दारं, खिडक्या, चौकटी, पाइप, लोखंड सगळं काढून विकलेलं असतं. त्यामुळे आपला राडारोडा नुसता विटा-सिमेंटचा दिसतो. बाँबने पडलेल्या घरात सगळं आतच असतं: तुळया, फळ्या, दाराचे पल्ले, पलंगाच्या सळ्या, छताचे पत्रे. दुसरं म्हणजे सळया. आरसीसी बघून बघून आपला हात आपोआप तुटक्या पिलरमधून सळया बाहेर काढतो. स्टालिनग्राडच्या कारखान्यांत काँक्रीट होतं, तिथे त्या शोभतात. पण त्या काळातली राहती इमारत बहुतेक लोड बेअरिंग: जाड विटांच्या भिंती, मजले लाकडी तुळयांवर. आग लागली की मजले जळून खाली आणि बाहेरची भिंत खिडक्यांसकट उभी. त्या भिंतीत आतल्या बाजूला तुळया बसायच्या त्या खाचांची सरळ रांग राहते. ही रांग कोरलीत की तुमची भिंत एकदम इमारत वाटायला लागेल. शहराच्या कडेची लाकडी घरं तर पूर्ण जळाली आणि विटांची धुराडी तेवढी उभी राहिली. असं एक धुराडं आणि काळी जमीन, एवढ्यावरही सुंदर छोटा डायोरामा होतो, पण तो कुणी करत नाही. सगळ्यांना स्टेशनसमोरचं नाचणाऱ्या मुलांचं कारंजं हवं असतं. ते इतक्यांनी केलंय की तुम्ही सोडून द्या.

विटांसाठी थर्माकोल नको, त्याचे दाणे लपत नाहीत. पीओपी घ्या आणि ओतण्याआधी त्यात गेरू मिसळा. जांभळी नाक्याला पूजेच्या आणि रांगोळीच्या सामानात मिळतो तोच, कुंडीला लावायचा. कोरडाच मिसळायचा, मग पाणी. काचेवर दोन मिलिमीटर जाडीचा थर ओता, घट्ट झाला पण ओलसर आहे तोवर स्टीलच्या पट्टीने साडेतीन मिलिमीटरवर उभ्या आणि सात मिलिमीटरवर आडव्या रेघा मारा. सुकल्यावर हाताने मोडा. रशियन वीट २५ × १२ × ६.५ सेंटीमीटरची, म्हणजे माप जवळजवळ बरोबर येतं. गेरू आतपर्यंत असल्यामुळे वीट कुठेही तुटली तरी पांढरी दिसत नाही, आणि मोडताना कडा आपोआप खडबडीत होतात. गेरूचं प्रमाण दर वाटीला थोडं बदला, सगळ्या विटा एका भट्टीतल्या वाटायला नकोत. गेरू जास्त झाला तर पीओपी भुसभुशीत होतं, हे लक्षात ठेवा.

सगळ्या भिंतीला सुट्या विटा लावत बसू नका. भिंतीचा गाभा सनबोर्डचा (हलका फोमचा बोर्ड) किंवा एमडीएफचा (लाकडाच्या भुश्याची दाबलेली फळी), वर प्लास्टरचा थर, आणि जिथे प्लास्टर उडालंय आणि जिथे भिंत तुटलीय तिथेच विटा. तुटलेली कड विटांच्या थरांप्रमाणे पायऱ्या-पायऱ्यांनी येऊ द्या. जुन्या आगपेटीच्या काड्या, अगरबत्तीच्या काड्या, आइस्क्रीमच्या काड्या जमवून ठेवा. राडारोडा थरांनी घाला: आधी मोठे भिंतीचे तुकडे आणि तुळया, मग सुट्या विटा, मग चहाच्या गाळणीने चाळलेला चुरा. पातळ केलेला फेविकॉल ड्रॉपरने सोडा. सगळ्यात शेवटी करडी धूळ, आणि ती सढळ हाताने. चुना आणि प्लास्टरच्या धुळीखाली विटांचा लाल रंग निम्मा दिसेनासा होतो. लालभडक ढीग दिसला की समजायचं, काम अर्धवट सोडलंय.

आता तुमचं किट बघा. खोक्यावर टी-३४/८५ असेल तर तो स्टालिनग्राडला चालणार नाही. ८५ मिलिमीटर तोफेचा रणगाडा १९४४ मध्ये आला, लढाई २ फेब्रुवारी १९४३ ला संपली. टायगर, पँथर हे जर्मन रणगाडेही तिथे ठेवू नका. सोव्हिएत सैनिकांच्या खांद्यावरच्या पट्ट्या जानेवारी १९४३ मध्ये परत आल्या, म्हणून ऑक्टोबरच्या दृश्यात त्या तासून टाका आणि बर्फही घालू नका. किट ८५ चंच निघालं तर सरळ बर्लिन करा, एप्रिल १९४५: पाच मजली भाड्याच्या चाळवजा इमारती, दर्शनी भागाला प्लास्टरचं नक्षीकाम, खिडकीतून लोंबणारी पांढरी चादर. मला विचाराल तर बर्लिन सोपं आणि रंगाला बरं.

मराठी माणसाला इटलीही जवळची वाटेल. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे (१० जुलै १९४४) आणि नामदेव जाधव (९ एप्रिल १९४५) या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस तिथल्याच लढाईसाठी मिळाला. त्या लढाया शहरातल्या नव्हेत, पण दगडी भिंतींची इटालियन गल्ली आणि त्यात आपले चार जवान, हे अजून फारसं कुणी केलेलं नाही.

एक फूट पाट म्हणजे प्रत्यक्षात साडेदहा मीटर. स्टालिनग्राडमधला सोव्हिएत सेनापती चुइकोव्ह याने आपल्या सैन्याला जर्मनांच्या अगदी लगटून राहायला सांगितलं होतं, म्हणजे जर्मन विमानांना बाँब टाकणं अवघड. तरीही एका फुटात रणगाडा आणि दोन्ही बाजूंचे सैनिक कोंबले तर लढाई वाटत नाही, लोकल वाटते. एकच बाजू दाखवा. शत्रू पाटाच्या बाहेर. पाचातले चार जण एकाच दिशेला बघत असले की बघणाऱ्याची नजरही तिकडेच जाते, आणि पाचवा मागे बघत असेल तर आणखी बरं. टी-३४ सुमारे १९ सेंटीमीटर लांब आहे, तो पाटाच्या कडेला समांतर नको, तिरपा ठेवा. खरं तर पहिल्या खेपेला रणगाडा कपाटातच राहू दे: दोन मजली कोपरा, साधारण १७ सेंटीमीटर उंच, आणि तीन-चार सैनिक पुरेत.

वासाचं सांगायचं तर पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक वापरा, ब्रशनेही चालतं. लॅकरचा प्रायमर (रंगाआधीचा उग्र वासाचा हात) बाल्कनीत मारा, पण जून ते सप्टेंबर शक्यतो नकोच. दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते. पावसाळ्यात पीओपीही दिवसेंदिवस ओलं राहतं आणि त्यावर घाईने रंग मारला तर खालून बुरशी धरते. ते दिवस सैनिक रंगवायला ठेवा. एमडीएफचा पाट सगळ्या बाजूंनी, खालूनसुद्धा, वार्निश करून घ्या, नाहीतर फुगतो. पैसे जातात ते बाहेरून येणाऱ्या किटवर आणि फिगर्सवर. इमारतीचा खर्च एका सिनेमाच्या तिकिटांइतकाही होत नाही.