रोइंग मशीनसाठी ८४ हजारांचा लॅपटॉप घ्यावा का?

प्रश्न : मी ४८ वर्षांचा, चिंचवडला राहतो, खासगी नोकरी. हातात ७८ हजार येतात. गृहकर्जाचा हप्ता २९ हजार, एसआयपी १० हजार, घरखर्च साधारण ३५ हजार. बचत खातं आणि एफडी मिळून १ लाख ४० हजार आहेत. कॉलेजात असताना बोट क्लबवर रोइंग करायचो. गुडघ्यामुळे पळणं बंद झालं, म्हणून बंद पडलेल्या एका जिमकडून कन्सेप्ट२ कंपनीचं मॉडेल डी रोइंग मशीन घेतलं, पीएम५ मॉनिटरसह. चार महिने झाले, आठवड्यातून चारदा नियमानं बसतो. क्लबचा जुना मित्र न्यू जर्सीत असतो. तो ईएक्सआर नावाच्या सॉफ्टवेअरवर रोइंग करतो आणि दर शनिवारी एकत्र करू म्हणतो. त्यासाठी ८४ हजारांचा गेमिंग लॅपटॉप पाहिलाय. १२ महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय, महिना ७ हजार. रोख दिले तर दुकानदार ८० हजारांना देतो. २ हजार टोकनही दिलं आहे. घरात २०१७ चा लॅपटॉप आहे (आय५ सातवी पिढी, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज १०), पण अतिशय हळू. मुलाचा लॉकडाऊनमधला अँड्रॉइड टॅब आहे, ४३ इंची टीव्ही आहे. मुलगा बारावीत, पुढे इंजिनिअरिंगला जाईल, त्यालाही हाच लॅपटॉप होईल. वर्षभर एसआयपीतून ३ हजार कमी करीन. बायको म्हणते हे खूळ आहे. घेऊ का?

उत्तर :

आत्ता घेऊ नका. रोइंग मात्र सोडू नका आणि मित्राला शनिवारची वेळ देऊन टाका. हे खूळ आहे असं मला वाटत नाही. चार महिने, आठवड्यातून चारदा, तेही घरातल्या मशीनवर! बहुतेक घरांत एवढ्या काळात मशीनवर टॉवेल वाळायला लागतात. तेव्हा वहिनींच्या शंकेपैकी निम्मी तुम्ही स्वतःच खोडून काढली आहे. उरलेली निम्मी लॅपटॉपबद्दल आहे आणि तिथे मी त्यांच्या बाजूनं आहे.

आधी हे सॉफ्टवेअर नेमकं करतं काय ते पाहू, कारण दुकानदारानं ते तुम्हाला सांगितलेलं नसणार. रोइंगची सगळी मोजदाद मशीनवरचा पीएम५ मॉनिटरच करतो. पंख्याचं चाक प्रत्येक ओढीला किती वेगानं फिरलं आणि मधल्या वेळात किती मंदावलं, यावरून तो गती आणि वॉट काढतो. ५०० मीटरला २ मिनिटं ही गती म्हणजे साधारण २०३ वॉट, हा हिशेब मॉनिटरच्याच पोटात होतो. ब्लूटूथवरून बाहेर पडतात ते फक्त तयार आकडे : गती, ओढींचा वेग, अंतर, वॉट. हे आकडे घ्यायला कोणताही साधा फोन पुरतो. ईएक्सआर त्या आकड्यांवरून पडद्यावर नदी, बोट आणि शेजारून जाणारा तुमचा मित्र रंगवतं. म्हणजे संगणकाचं काम चित्र काढण्याचं. ग्राफिक कार्ड भारी असेल तर पाणी जास्त चकाकेल, पण तुमची गती अर्ध्या सेकंदानंही सुधारणार नाही. शिवाय ओढ मारताना डोळे वॉटच्या आकड्यावर असतात, पाण्यावर नसतात, हे तुम्ही बोट क्लबवाले माझ्यापेक्षा जास्त जाणता.

पीएम५ मिळाला हे तुमचं नशीब. तो २०१४ मध्ये आला आणि त्यात ब्लूटूथ आहे. जुना पीएम३ असता तर संगणकाला केबल लावावी लागली असती आणि माझं उत्तर थोडं वेगळं झालं असतं. पीएम५ लाही केबलची सोय आहे, तीच चौकोनी तोंडाची, प्रिंटरला लावतो ती. रोप्रोसारखी विंडोजवरची जुनी सॉफ्टवेअर याच केबलवर चालायची. ‘रोइंगसाठी पीसी हवाच’ हा समज बहुधा त्या काळातला आहे. ईएक्सआर आज अँड्रॉइडवर चालतं, आयपॅडवर चालतं, विंडोज आणि मॅकवरही चालतं. कन्सेप्ट२ चं स्वतःचं एर्गडेटा हे ॲप फोन-टॅबसाठीच आहे, तेही फुकट. त्यांची ऑनलाइन लॉगबुकही फुकट आहे. तिथे २००० मीटरची वेळ नोंदवली की जगभरच्या त्याच वयोगटातल्या लोकांत आपण कुठे बसतो ते दिसतं. मित्राशी चुरस एवढ्यापुरतीच असती तर एक रुपयाही न घालता भागलं असतं.

पण शनिवारी दोघांनी एकाच वेळी, एकाच नदीत वल्हवायचं यात वेगळी मजा आहे, हे मान्य. तुमचे सकाळचे साडेसहा म्हणजे उन्हाळ्यात त्याचे शुक्रवार रात्रीचे नऊ. कुणीतरी तिकडे वाट पाहतंय म्हटल्यावर अंथरुणातून उठणं होतं. मी तरी या कारणासाठी ईएक्सआरची वर्गणी भरायला हो म्हणेन. सुरुवातीला ते मोफत वापरून पाहता येतं. त्या काळात दोन गोष्टी करा.

पहिल्या दिवशी मुलाचा टॅब लावून पाहा. फोनवर एर्गडेटा चालू असेल तर ते आधी बंद करा, नाहीतर पीएम५ त्यालाच धरून बसेल आणि टॅबला दोष लागेल. चित्र अडखळत असेल तर सेटिंगमध्ये ग्राफिक्स खाली आणा. टॅबचा पडदा लहान वाटला तर टीव्हीवर वायरलेसनं टाकायचा मोह होईल, पण त्यात चित्र मागे पडतं. ओढ आत्ता आणि बोट जरा वेळानं, असं झालं की चिडचिड होते. म्हणून दुसऱ्या दिवशी जुना लॅपटॉप एचडीएमआय केबलनं थेट टीव्हीला जोडा. ४३ इंची पडदा तुमच्याकडे आहेच, त्यापुढे नव्या लॅपटॉपचा १५ इंची पडदा काय कामाचा?

जुना लॅपटॉप हळू आहे तो बहुतेक हार्ड डिस्कमुळे. ती काढून एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) बसवली की २०१७ चं यंत्रही पुन्हा कामाचं होतं. त्यातलं ब्लूटूथ रुसलं तर यूएसबीचा ब्लूटूथ डोंगल काही शे रुपयांत मिळतो. एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. आय५ ची सातवी पिढी विंडोज ११ च्या यादीत बसत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे हा लॅपटॉप फक्त रोइंगला ठेवा. त्यावर नेट बँकिंग, डीमॅट, आयकर पोर्टल यातलं काहीही उघडू नका. पासवर्ड साठवलेले असतील तर आजच काढून टाका.

आता मुलाकडे वळू, कारण ८४ हजारांचं खरं समर्थन तुम्ही त्याच्या नावावर केलं आहे. त्याला लॅपटॉप लागेल, यात वाद नाही. पण कोणता, हे आज तुम्हाला माहीत नाही आणि त्यालाही नाही. सीईटी, मग कॅप राऊंड, मग शाखा. मेकॅनिकल मिळालं तर कॅडसाठी, म्हणजे संगणकावर आराखडे काढायला, ग्राफिक कार्डाचा उपयोग होईल. कॉम्प्युटर मिळालं तर रॅम जास्त हवी आणि रोज बॅगेतून न्यायला वजन कमी हवं. गेमिंग लॅपटॉप चार्जरसकट उचलून पाहा, पाठीवर घेऊन तो रोज पीएमपीच्या बसमध्ये चढेल असं वाटतं का? शिवाय तो होस्टेलला गेला तर लॅपटॉपही जाणार, आणि शनिवारी सकाळी तुम्ही पुन्हा जुन्याच टॅबसमोर.

आणि थांबण्यात नुकसान काही नाही. संगणक ही झपाट्यानं उतरणारी वस्तू आहे. व्यवसायात वापरलेल्या संगणकावर आयकराच्या नियमांत वर्षाला ४० टक्के घसारा धरतात. त्या मापानं ८४ हजारांचे वर्षात ५० हजार आणि दोन वर्षांत ३० हजार होतात. (तुम्ही पगारदार आहात, त्यामुळे हा घसारा तुम्हाला करात मिळणार नाही, फक्त आकड्याचा अंदाज घ्या.) प्रवेश झाल्यावर घेतलात तर विद्यार्थ्यांसाठीच्या सवलतीही पाहता येतील. शैक्षणिक कर्ज काढायची वेळ आली तर अभ्यासक्रमाला लागणाऱ्या संगणकाचा खर्च अनेक बँका त्यात धरतात.

नो-कॉस्ट ईएमआयबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण हाच प्रश्न दर दिवाळीला येतो. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. त्यानंतर मांडणी बदलली. बँक व्याज लावते आणि तेवढी सूट विक्रेता किंवा कंपनी किमतीत देते. तुमचंच उदाहरण घ्या. बँकेचा दर १५ टक्के धरला तर ७ हजारांच्या १२ हप्त्यांत सुमारे ६,४०० रुपये व्याज दडलेलं आहे. ते त्या सवलतीतून भरून निघतं, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेअकराशेच्या आसपास, तुमच्या कार्डावर येतो. वर प्रोसेसिंग फी दोनशे-अडीचशे. म्हणजे तुम्ही ८५,४०० च्या जवळ जाता. रोख घेणाऱ्याला तोच लॅपटॉप ८० हजारांना. जास्तीचे ५,४०० रुपये हा त्या कर्जाचा खरा खर्च, आणि दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं हे धरलं तर वर्षाला साधारण १२ टक्के. क्रेडिट कार्डाची बाकी थकवण्यापेक्षा नक्कीच स्वस्त, पण त्याला ‘नो-कॉस्ट’ म्हणायला जीभ वळत नाही. रोख ८० हजार द्या असंही मी म्हणणार नाही. कारण पुढे आहे.

तुमचे ७८ हजार येतात. २९, १० आणि ३५ गेले की ४ हजार उरतात. ७ हजारांचा हप्ता बसवायला एसआयपीतले ३ हजार काढले की महिनाअखेरची शिल्लक बरोबर शून्य. तीही मुलाच्या बारावीच्या वर्षात, जेव्हा सीईटीचा अर्ज, कॅपची फी, कॉलेजची पहिली फी हे सगळं रांगेत उभं आहे. गंगाजळी १ लाख ४० हजारांची. हप्ता आणि घरखर्च मिळून ६४ हजार लागतात, म्हणजे नोकरीत खंड पडला तर सव्वादोन महिने. ही रक्कम वाढवायची गरज असताना त्यातले ८० हजार काढले तर एक महिनाही निघणार नाही. एसआयपीचे ३ हजार वर्षभर थांबवल्यानं साठीला किती लाख कमी होतील, असा तक्ता मी मांडणार नाही. माझी भीती साधी आहे. ‘वर्षभरासाठी’ कमी केलेली एसआयपी पुन्हा वाढवायला लोक विसरतात. कंपनीत व्यायामाच्या साधनांसाठी वेलनेस भत्ता असेल तर एचआरला जरूर विचारा, काही ठिकाणी वर्गणीही त्यात बसते.

पैसे घालायचेच असतील तर आधी मशीनवर घाला. जिममधून आलेलं मॉडेल डी म्हणजे साखळी कोरडी पडलेली असण्याची शक्यता मोठी. कंपनी दर ५० तासांच्या वापरानंतर तेल द्यायला सांगते. एका वेळी तासभर बसता असं धरलं तर तुमच्या वेगानं ते तीनेक महिन्यांनी येतं. मॉनिटरमधले दोन मोठे डी सेल बदला. खाली चांगली मॅट टाका, खालच्या मजल्यावरच्यांचे आशीर्वाद मिळतील. हे मशीन २०२१ पासून रोअर्ग नावानं विकलं जातं, पण यंत्र तेच, त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि नीट राखलेल्या जुन्या मशीनला गिऱ्हाईकही असतं. तुमच्या घरातल्या यंत्रांत किंमत टिकवणारं हे एकच दिसतं मला.

ईएक्सआरची वर्गणी पहिले तीन महिने महिन्याचीच घ्या, वार्षिक स्वस्त दिसली तरी. मित्राची नोकरी बदलेल, शनिवार हुकतील, मग वर्षाचे पैसे डोक्यात बसतील. परदेशी चलनात कापले जात असतील तर अनेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांच्या आसपास अधिभार आणि त्यावर जीएसटी लागतो. ॲप स्टोअरमधून रुपयांत भरता आलं तर ते बरं. तीन महिन्यांत बहुतेक शनिवार पार पडले तर वार्षिक करून टाका, मला विचारू नका.

टॅब आणि एसएसडी टाकलेला लॅपटॉप, दोन्ही चाचणीत नापास झाले तरच पुढचा पर्याय : कंपन्यांनी वापरून काढलेला, रिफर्बिश्ड, इंटेल आठवी पिढी किंवा पुढचा, ८ जीबी रॅम आणि एसएसडीवाला लॅपटॉप. जीएसटीचं पक्कं बिल आणि किमान सहा महिन्यांची वॉरंटी लेखी मागा. कर्ज न काढता, दर महिन्याच्या ४ हजारांतून साठवून घ्या. तोवर टॅबवर पाणी कमी चकाकलं तरी चालेल.

राहिलं टोकन. पावतीवर ‘परत मिळणार नाही’ असं लिहिलंय का ते आधी पाहा. लिहिलं असलं तरी भांडायला जाऊ नका. त्याच दुकानातून एसएसडी आणि एचडीएमआय केबल घ्या, बसवून घ्या आणि २ हजार त्यात वळते करायला सांगा. दुकानदाराला गिऱ्हाईक राहतं, तुम्हाला सामान मिळतं. वर जे काही हजार लागतील ते या महिन्याच्या शिलकीतून निघतील.