बाथरूम फोडण्याआधी सोसायटीचा कागद हातात घ्या

ताई, काम काढण्याआधी काय बघावं हा तुमचा प्रश्न वाचला आणि जुनी खपली निघाली. डोंबिवलीत तीस वर्षं जुन्या इमारतीतला रिसेलचा फ्लॅट, दोन्ही बाथरूम आणि किचन फोडायचं, कंत्राटदार म्हणतोय सोमवारपासून माणसं लावतो, आणि सेक्रेटरी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "करा हो, कोण अडवतंय!" या शेवटच्या वाक्यासाठीच लिहायला बसलोय.

बजेट, कोटेशन, रंगसंगती यावर बाकीचे सांगतीलच. मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे: लेखी परवानगी, आणि त्याहीआधी अर्जाची पोच. मी वकील नाही, सिव्हिल इंजिनिअरही नाही. तुमच्या सोसायटीचे उपविधी (म्हणजे तिचे नियम) स्वतः मागून वाचा, माझ्या भरवशावर राहू नका.

आमच्या सोसायटीचा कारभार तेव्हा बाहेरचं एक ऑफिस बघायचं. नाव घेत नाही. अर्ज घेऊन गेलो तर टेबलावरच्या बाईंनी "ठेवा इथे" म्हणत तो ट्रेमध्ये सरकवला. पोच मागितली. "आपल्याकडे तशी पद्धत नाहीये." कमिटीतल्या दोघांनी तोंडी हो म्हटलं होतं, म्हणून काम सुरू झालं. लाद्या निघाल्या, जुना कोबा (विटांच्या तुकड्यांचा भराव) संकच्या, म्हणजे बाथरूमखालच्या खोलगट स्लॅबच्या, तळापर्यंत उकरून झाला, कमोड गॅलरीत पेपर गुंडाळून उभा होता, आणि वॉचमन निरोप घेऊन आला: काम बंद करा, परवानगी नाही. ऑफिसात गेलो तर आमचा अर्जच नाही! ट्रे रिकामा. नवा अर्ज द्या. दिला. मग म्हणाले, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र लागेल. ते आणलं. मग कमिटीची मीटिंग पुढच्या महिन्यात. दरवेळी एकच कागद मागायचे, पुढचा कुठला लागणार ते विचारलं की "बघू". सगळी यादी एकदम द्यायला यांचं काय जात होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

तोवर मिस्त्री दुसऱ्या साइटवर गेला. परत आला तो वाढीव दर घेऊनच, आणि त्याला बोलून उपयोग नव्हता, त्यालाही पोट आहे.

खरा कहर पुढे. काम अडकलेलं असताना त्याच ऑफिसने पत्र पाठवलं, की तुमच्या तोडफोडीमुळे खालच्या फ्लॅटमध्ये गळती झाली, छताचा खर्च भरा. (हे पत्र बरं लगेच टाइप झालं.) खाली जाऊन पाहिलं. आमच्या नहाणी ट्रॅपच्या (पाणी जाण्याच्या तोंडाच्या) बरोबर खाली ताटाएवढा डाग, कडा तपकिरी आणि कोरड्या, मध्ये लोणा (पांढरा क्षार) लागून रंगाचे पापुद्रे सुटलेले. ताजी ओल अशी नसते, हात लावला की गार लागते. पण हे कोण ऐकणार? आम्हाला वाचवलं ते खालच्या काकूंच्या मुलीने. तिच्या मोबाइलमधल्या गणपतीच्या फोटोत मखराच्या मागे उघड्या दारातून तेच छत दिसत होतं, डागासकट. आमचं काम सुरू होण्याच्या कितीतरी आधीचं.

म्हणून सांगतो. अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर शिक्का, सही, तारीख घ्या. कोणी द्यायला कुरकुर केली तर वाद घालू नका, स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा आणि तोच अर्ज सोसायटीच्या ईमेलवरही टाका. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅटमध्ये फेरबदल करायला कमिटीची लेखी परवानगी लागते, जिन्यातलं "करा हो" चालत नाही. अर्जात बीम, कॉलम, स्लॅबला हात लावणार नाही, कामाच्या वेळा आणि राबिट (तोडफोडीचा मलबा) कोण, कुठून उचलणार हे स्पष्ट लिहा. सोबतच्या अर्जात स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागा. तीस वर्षांपुढच्या इमारतींचं ऑडिट दर 3 वर्षांनी व्हायला हवं. स्लॅबच्या सळया गंजल्यात असं त्यात असेल तर संकमध्ये पुन्हा विटांच्या तुकड्यांचा जड कोबा भरू नका, हलक्या ब्लॉकचे तुकडे वापरता येतील का ते इंजिनिअरला विचारा.

पहिला घण पडायच्या आधी खालच्यांकडे चहाला जा. त्यांच्यासमोर त्यांच्या बाथरूम-पॅसेजच्या छताचे फोटो काढा आणि तिथेच त्यांनाही पाठवा, म्हणजे तारखेसकट दोघांकडे राहतात. संकोच वाटेल. माझ्या मते याला परवानगीइतकंच महत्त्व आहे, कारण आपल्या बाथरूममधून झालेली गळती आपल्याच खर्चाने दुरुस्त करावी लागते. गच्चीतून पावसाचं किंवा बाहेरच्या सामाईक पाइपचं पाणी येत असेल तर खर्च सोसायटीचा. डाग कशाचा, हा वाद त्यामुळेच महागात पडतो.

वॉटरप्रूफिंग झालं की टाइल बसवण्याआधी ट्रॅप बंद करून किमान 48 तास पाणी भरून ठेवायला लावा आणि खाली जाऊन बघा. कंत्राटदार "एक रात्र पुरे" म्हणेल. नाही पुरत. किमान माझं तरी हेच मत आहे, इथले काही जण वाद घालतील.

जाता जाता: भिंतीतले पाइप आणि वायरी गिलाव्याखाली बुजण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोजमापाचा टेप लावून व्हिडिओ काढा. पुढे गिझर किंवा आरसा लावताना ड्रिल पाइपात जात नाही. गिझरला 4 स्क्वेअर एमएमची वायर आणि अर्थिंग स्वतः उभं राहून तपासा. होळीच्या तोंडावर काम काढू नका, निम्मे मजूर गावाला जातात आणि कधी परततील याचा नेम नसतो.

टाइलवर टाइल लावून खर्च वाचेल का, असंही विचारलंयत. बाथरूमच्या जमिनीवर तरी नको. खालचं जुनं वॉटरप्रूफिंग तसंच राहतं, वजन वाढतं, आणि जमीन उंबऱ्याच्या बरोबरीला आली की अंघोळीचं पाणी बेडरूममध्ये. किचनच्या भिंतीवर, जुन्या टाइल ठोकून पोकळ आवाज येत नसेल तर, खुशाल लावा.